पाठकोरा

कलिन्याला, दुसऱ्या मजल्यावर,
खुर्चीचे हात माणसाच्या हातांहून रुंद.
पोफळे साहेब छातीभोवती नळी बांधतात,
पोटाभोवती आणखी एक,
दंडाला पट्टा, बीपी बघतात तसाच,
दोन बोटांना टोप्या.
"संगणक दुरुस्तीला गेलाय," ते म्हणतात,
"तेव्हा आज हे जुनं. शाईचं.
पण चोख आहे."
चार काटे, खाली कागदाची गुंडाळी,
ती सरकते तेव्हा
रवा चाळल्यासारखा आवाज.

जागा एक: गोपनीय शाखा, कनिष्ठ लिपिक.
लेखीत मी चौथी, तोंडीत दुसरी.
वयाची अट पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला संपते.
आता रक्ताची तेवढी परीक्षा राहिली,
तिचं गाईड दादरला मिळत नाही.

"फक्त हो किंवा नाही. हलायचं नाही.
खोकला येणार असेल तर आधी सांगा."
खोकला आधी कसा सांगायचा?
विचारलं नाही.

तुमचं नाव प्रणोती दत्ताराम मेस्त्री?
हो.
आज बुधवार?
हो.
तुम्ही आत्ता मुंबईत आहात?
हो. खिडकीत विमानाचं पोट,
इतकं खाली की चाकं मोजून घ्यावीत.
वडील हयात?
हो.
कधी कुणाला फसवलंय?
नाही.
इथे सगळेच नाही म्हणत असणार,
काटासुद्धा जांभई दिल्यासारखा हलला.

शासकीय मालमत्ता
कधी खाजगी कामासाठी वापरली आहे?

चर्नी रोड.
सरकारी छापखाना, बांधणी विभाग.
बाबांच्या पिशवीत डब्याखाली
सपाट ठेवलेले पाठकोरे,
रद्द परिपत्रकं, कापणीत तिरके गेलेले तक्ते.
रात्री ते आरीने भोकं पाडायचे,
मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचे,
अशी वही की पान फाटेल, शिवण सुटणार नाही.
पुढून शासन, मागून मी.
पुढे "विषय: रजा रोखीकरण",
मागे संधी, समास,
मागे पानिपतचं साल,
मागे दोनदा नापास झाल्यावर
किती वर्षं उरली त्याची वजाबाकी.

एकदा फाटकावर झडती झाली.
बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. जेवले.
मग सहा महिने रद्दीवाल्याकडून
किलोवर पाठकोरे आणत राहिले.
तेच.
त्याच छापखान्याचे.

"मॅडम?"
काटे ताटकळले होते.
हो म्हणाले तर बाबा.
नाही म्हणाले तर मी.
"प्रश्न परत विचारू?"
"विचारा."
त्यांनी विचारला, शब्द न बदलता.
मी जे म्हणाले ते त्या कागदावर आहे,
जरा उशिराने.
पोफळे साहेबांनी कडेला पेन्सिलीने
बारीकशी खूण केली.
चेहऱ्यावर काही नाही. सरावाचा चेहरा.

पट्टा सुटला,
दंडावर वाकीएवढा वळ.
गुंडाळीच्या टोकाशी माझी सही घेतली.
तेवढ्यात कागद बोटांना लागला:
गुळगुळीत, जाड, शाई न फुटणारा.
घरात असा कधी आला नव्हता.

फाटकाबाहेर येऊन फोन लावला.
बाबा निकालाचं विचारत नाहीत,
दहावीलासुद्धा विचारलं नव्हतं.
"यंत्र शाईचं होतं?"
हो.
"आणि कागद?"
चांगला होता. लांबच लांब.
मग बराच वेळ नुसता त्यांच्याकडचा पंखा.
मग, जरा आवाज उतरवून,
"मागून कोरा असतो का गं?"