अकराचा वारा

इकिकेत पाऊस पडत नाही.
माझ्या दुकानाचा पत्रा
तीस वर्षांत भिजला तो फक्त धुक्यानं,
तेही पहाटे, चोरपावलांनी.
पण सकाळी अकराला समुद्रावरून वारा येतो,
गावामागच्या वाळूच्या डोंगराला पाय लावून वर चढतो
आणि काही माणसं कामावर जायची थांबतात.

रादोमिरो त्यांतला सर्वांत जुना.
आजा आद्रियातिकच्या काठावरून इथं सोरा खणायला आला,
बाप गोदीत पोती मोजायचा,
हा मात्र कुठल्याच जमिनीच्या हिशेबात बसला नाही.

पहिल्यांदा आला तेव्हा
खांद्यावर हँगग्लायडरचा पंख, तंबूसारखा गुंडाळलेला.
म्हणाला, नेल्दा, हवेत गिधाडाशी टक्कर झाली.
मी कापड उलगडलं.
फाटक्या कडेला हिरवा ऑइलपेंट लागला होता,
शाळेच्या छपराचा.
गिधाड नुकतंच रंगवलेलं दिसतंय, म्हटलं.
इतका हसला की माझ्या सुईतला दोरा निसटला.

तेव्हापासून असंच चाललं.
तो सांगायचा, मी शिवायचे.
मासळीबाजारामागच्या खानावळीत त्याच्या गोष्टी
पेल्यागणिक उंच होत जायच्या.
माझ्याकडे कापड यायचं.
माणूस थापा मारतो.
कापडाला तेवढं सुचत नाही.

एकदा शिडाची होडी घेऊन
ह्वान फर्नांदेसच्या बेटांकडे निघाला
आणि तीन आठवडे पत्ता नाही.
त्याची बहीण झ्लाता रोज दुकानात येऊन बसायची,
जणू मी त्याला शिवूनच परत देणार होते.
आला. ओठ फुटलेले, एक दात कमी.
वादळानं शीड टराटरा फाडलं, खानावळभर सांगत सुटला.

मी शीड टेबलावर पसरलं.
वादळ असं फाडत नाही.
हा चिरा सुरीचा होता,
वरून खाली, सरळ, घाईघाईचा.
कुठल्याशा रात्री घाबरून त्यानंच कापून
वाऱ्याला वाट करून दिली होती.
मी कुणाला बोलले नाही.
तिथं दुहेरी टाका घातला,
पैसे एकेरीचे घेतले.
त्यानं पैसे मोजून दिले आणि पहिल्यांदाच
जाताना दार हळू लावलं.

पॅराशूट मी हातात घेत नसे.
त्याला परवाना लागतो, आणि छाती.
मी डोंगरावरची, चार हजार मीटरवर जन्मलेली;
लोक विचारतात, मग तुला उंचीची भीती कशी?
आमच्याकडे, सांगते त्यांना, उंचीवर बसायला जमीन असते.
तरी एकदा शिवलं. नॉर्वेला निघाला होता,
दुसरं कुणी मिळेना.
रात्रभर टाके घातले, उसवले, पुन्हा घातले.
तो गेल्यावर अकरा दिवस
भाकरीचा घास तोंडात फिरत राहिला.
मग कार्ड आलं. बर्फाचा डोंगर, आणि मागे
त्याचं ते कोंबडीच्या पायांसारखं अक्षर:
इथं फार थंडी आहे. तुझा टाका धरला.

ते कार्ड मशीनच्या खणात आहे,
बॉबिनांच्या खाली.
इतर देशांची झ्लाताकडे आहेत.

आता तो त्र्याहत्तरचा.
डाव्या गुडघ्यात पोलाद, उजव्यात हट्ट.
मार्चमध्ये सगळा पसारा घेऊन आला:
पंख, शिडं, दोऱ्या, एक फुटकं होकायंत्र.
मला वाटलं, विकायला सांगतोय.
स्टूल ओढून बसला.
म्हणाला, शिकव.

टाके वाकडे येतात त्याचे.
अंगठ्याला सुई टोचली की
देवांची यादी काढतो, शिव्यांसकट.
काल फाटक्या शिडाचा एक तुकडा
चार वेळा उसवून पाचव्यांदा शिवला,
आणि मान वर न करता म्हणाला,
ती सुरी, नेल्दा. तुला कळलं होतं ना?
मशीन चालू होतं. मी ते थांबवलं नाही.
हं, म्हटलं.

अकरा वाजले.
दाराचा पडदा आत आला,
टेबलावरचं शीड मधोमध फुगून
वीतभर उचललं गेलं.
दाबून धरायला कात्री हाताशीच होती,
त्याच्याही, माझ्याही.