चौदा नंबरचा गुडघा

पेपरात काय छापून येतं मला वाचता येत नाही.
अरबी उजवीकडून डावीकडे पळते,
मी जागेवरच उभा, गोलकीपरसारखा,
बॉल गेला की कळतं.

पण राष्ट्रीय संघाचे कपडे
मुहर्रकच्या ह्या बोळात, माझ्या मशीनला येतात.
अकरा वर्षं झाली. हा पाचवा कोच.
मला विचारा.

पहिल्याच्या वेळी माती कमी, अत्तर जास्त.
दुसरा बरा होता. घरून फोन आला, गेला.
तिसरा टोपी विसरला, ती अजून खुंटीला आहे.
चौथ्याचं नाव पाठ होईतो त्याचं विमान
आमच्या पत्र्यावरून गेलंसुद्धा.

हा स्लोव्हेनियाचा.
तो देश मोफिजुलने मोबाईलवर
दोन बोटांनी ताणून ताणून दाखवला,
तरी करवीर तालुक्याएवढाच दिसला.
कुंजुमोनच्या टपरीवर म्हणतात, ह्याच्यानं काय होणार,
पोरांच्या अंगातच पाणी नाही.
सुवैद टॅक्सीवाला म्हणतो, यंदा कप आपलाच.
(सुवैद दर कोचला हेच म्हणतो.)

मी बोलत नाही.
मी कॉलर उलटी करून बघतो.

दहा नंबर. आधी बगलेत घाम, बाकी कोरा,
घडीच मोडली नसल्यासारखा.
आता पाठभर गवताचा हिरवा फराटा:
म्हणजे कुणीतरी पाडला,
म्हणजे पाडावा लागेल अशा जागी तो गेला.
तीन नंबरच्या बाहीला रक्त,
गार पाण्यात मीठ घालून रात्रभर ठेवलं.
मोज्यांत शिंपल्यांचा चुरा. पहाटे समुद्रावर पळवतो वाटतं.

आणि चौदा.
चौदा नंबर मी अडीच वर्षं
मळलेला नसताना धुतलाय.
बाकावर बसणाऱ्याचा घाम वेगळा असतो,
आंबट नाही, शिळा.
मला ठाऊक आहे. कोल्हापुरात दोन सीझन
तसाच शर्ट मी आईपुढं टाकलाय
आणि तिनं काही न विचारता
दगडावर आपटलाय, जरा जास्तच जोरात.

परवा चौदाच्या सरावाच्या पँटीला
उजव्या गुडघ्यावर चिखल. मधोमध भोक.
मी ती टेबलावर पसरून
उगीच हात फिरवत बसलो.

त्याच रात्री, इशाची अजान झाल्यावर,
साहेब स्वतः आला.
चष्म्यावर वाफ, शर्ट पाठीला चिकटलेला,
ह्या दमट हवेत नवा माणूस पहिले तीन महिने
पाण्याखाली असल्यासारखाच चालतो.
मी भोकात बोट घालून सुईची खूण केली: शिवू?
त्यानं मान हलवली. नको.
मग एक-एक शर्ट उचलून उजेडाला धरून पाहिला,
माझ्यासारखाच, आधी कॉलर.
पैसे काढताना खिशातून ओळखपत्र पडलं.
माझ्याकडे आहे तसंच, मागं मुदतीची तारीख.
त्याची दोन वर्षं.
माझे सात महिने उरलेत.
दोघांनीही ते पाहिलं आणि
दोघांनीही बघितलं नाही असं केलं.

मॅच हरले. एक-शून्य, शेवटच्या मिनिटाला,
आणि तेही शेजाऱ्यांशी.
सुवैद दोन दिवस चहाला फिरकला नाही.
कुंजुमोननं टीव्हीवर फडकं टाकलं.
टपरीवर साहेबाच्या विमानाची वेळसुद्धा ठरली.

सोमवारी गठ्ठा आला.
मोफिजुलनं काट्याला अडकवला, थांबला,
काढला, पुन्हा अडकवला.
नेहमी एकोणीस भरतो. चोवीस किलो.
ओल, माती, वाळू,
कुणाचा तरी दात लागलेली बाही.
दादा, बिल कसं लावू, म्हणाला,
मळाचे पैसे घ्यायचे का?

चौदाची पँट वेगळी काढ, म्हटलं.
आणि बाकीचं लाव
जुन्याच वजनानं.