आठपर्यंत

बर्लिन, न्यू हॅम्पशायर. जर्मनीतलं नव्हे,
हे आमचं, कागदाच्या गिरणीच्या वासाचं.
गिरणी गेली, वास काही वर्षं रेंगाळला, मग तोही गेला.
बाहेर उणे एकोणीस,
आणि माझ्या लॉन्ड्रीत चौदा ड्रायर एकदम फिरतायत.

वरच्या कोपऱ्यात टीव्ही. टीव्हीत सहाजण,
एकाच पक्षाचे, एकाच खुर्चीसाठी,
भाऊबंदकीला उतरल्यासारखे ओळीत उभे.
आवाज कितीही वाढवा, ड्रायरपुढे काही चालत नाही,
म्हणून आम्ही नुसतं त्यांचं वागणं बघतो.
त्याला कुठे कान लागतात?

तो उंच, चांदीच्या केसांचा,
दुसऱ्याचं वाक्य फरसबीसारखं कडकन मोडतो.
शेजारचा तरुण हसतो, विनोद व्हायच्या क्षणभर आधी.
एकजण रिकामाच ग्लास पुन्हा पुन्हा ओठांना लावतो.
आणि डावीकडून दुसरी, राखाडी कोटातली ती,
हातावर हात ठेवून. गप्प.

"मूग गिळलेत हिनं," ब्रिजिट फोर्टिए म्हणाली
वृद्धाश्रमाचे टॉवेल आपटत, "मी असते ना,
तर माईकच घातला असता त्याच्या घशात."
जोसलिनला ती शिष्ट वाटते. (सुपरमार्केटचा एप्रन
तिनं अजून काढलेला नाही.) "उत्तरसुद्धा देत नाही, बघ."
डेल पेरो, बर्फ उपसायच्या गाडीवरचा, म्हणाला,
"चांदीवाला खरा गडी. बोलतो म्हणजे बोलतो."
काय बोलतो, मी विचारलं.
"ते ऐकू कुठे येतंय," डेल म्हणाला.

तेवढ्यात लूसियन आर्सेनो.
वय एक्क्याऐंशी, अकरा नंबरचा ड्रायर,
आत एक चादर, एक अभ्रा.
चौतीस वर्षं गिरणीच्या मशीनवर, कान तिथेच ठेवून आला.
त्या धडधडाटात सगळेच ओठ वाचायचे,
शिव्या, जेवणाची हाक, कुणाला मुलगा झाला, सगळं.
स्वतःचा आवाज ऐकू न येणारा माणूस बोलतो
तसा मोठ्यानं तो म्हणाला,
"ती गप्प नाहीय. ती मोजतेय."

आम्ही बघितलं. ओठ हलत होते, जेमतेम,
दुधावर साय धरताना हलते तेवढेच.
चांदीवाल्याचं बोट तिच्या चेहऱ्यापर्यंत आलेलं.
"चार," लूसियन म्हणाला.
"पाच."
ब्रिजिटच्या हातात टॉवेल अर्धाच दुमडलेला.
"सहा."
"मी पण मोजते," जोसलिन एकदम म्हणाली,
"तारीख गेलेली कुपनं घेऊन भांडतात ना, त्यांच्यापुढे.
वीसपर्यंत जाते मी."
"सात."
"माझी बायको मोजायची," डेल म्हणाला.
"कितीपर्यंत, ते मला कधी कळलं नाही."
त्यावर कुणी काही बोललं नाही.

"आठ."

आणि जाहिरात. लालभडक ट्रक
कुणाच्यातरी डोंगरावर कारण नसताना चढत होता.
त्या ट्रकला आम्ही ज्या शिव्या घातल्या
त्या बिचाऱ्याच्या वाट्याच्या नव्हत्या.

अकरा नंबर थांबला. चादरीची घडी
एकट्याला जमत नाही, लूसियनला तर नाहीच.
डेल उठला, न विचारता दोन कोपरे धरले.
दोघं जवळ आले, लांब गेले, जवळ आले.

चर्चा परत सुरू झाली तेव्हा कॅमेरा
चांदीच्या केसांवरून हलेना.
कडेला राखाडी बाहीचा तुकडा तेवढा.
"नऊ झाले का?" ब्रिजिटनं खुणेनं विचारलं.
लूसियननं मान तिरकी केली, चष्मा पुसला,
खुर्चीवरून थोडा उठलाही,
जणू तिथून टीव्हीच्या चौकटीपलीकडचं दिसणार होतं.

रात्री चौदाही जाळ्यांतली लव मी काढली,
राखाडी, मऊ, सगळ्यांच्या कपड्यांची एकत्र.
मंगळवारी मतदान.
डेलचा एक मोजा मागे राहिलाय,
तो मी काउंटरवर ठेवलाय, दिसेल असा.