चमचा

सोमवारी लिलाव. त्याआधी शुक्रवारी
मोंबासाच्या आमच्या लांबोळक्या खोलीत
एकशेचाळीस कप, पांढरे, बिनकानाचे.
केरिचोचे डोंगर, बुरुंडीची ओल,
सगळं हळूहळू निवत चाललेलं.

भुरका असा ओढायचा की टाळूवर फवारा उडावा,
मग पिंकदाणीत थुंकून भाव सांगायचा.
सिगिलाईसाहेबांचा भुरका अजून खोलीभर घुमायचा,
पण त्या तापानंतर
जिभेवर काही उतरत नव्हतं.
हे त्यांनी मला सांगितलं नाही.
एकदा धुरकट, करपलेल्या चहाला ते म्हणाले,
"उजळ आहे. लिही."
मी वहीत लिहिलं : बाद.

संध्याकाळी त्यांनी वही चाळली,
चष्मा पुसला, घरी गेले.
दुसऱ्या शुक्रवारी पहिल्या कपापाशी
ते नुसते उभे राहिले. माझी वाट बघत.

तेव्हापासून मी पहाटे पाचला यायची,
पहिल्या फेरीचा चहा स्वतः करून
एकटीनं चाखायची, लक्षात ठेवायची.
नऊला ते आले की त्यांच्यामागे वही घेऊन.
कपाच्या कडेवर एकदा टिंग : साधा.
दोनदा : चढा भाव.
चमचा आडवा ठेवला की पुढे चला.

हिशेबातला बराका म्हणाला,
"म्वानाईदी, चमचेगिरी जोरात आहे तुझी."
मी हाताकडे बघितलं.
नाही तरी कसं म्हणणार?

रात्री लिकोनीच्या फेरीतून घरी पोचेपर्यंत
तोंडाचं कातडं झालेलं असायचं.
आई नारळातली मासळी वाढायची,
मी मान डोलवायची, उजळ आहे म्हणून.

बदल्यात त्यांनी बाजार दिला.
कराचीचा खरेदीदार बोली चढवण्याआधी कान चोळतो.
कुठल्या कारखान्याची भट्टी नवी आहे,
कुणाचा मॅनेजर पावसात पानं वाळायला घाई करतो.
हे ते चालता चालता पुटपुटायचे,
जणू स्वतःशीच.
आभार एकदाही नाहीत.
मला ते नकोही होते, असं मी तेव्हा म्हणायची.

निरोपाच्या दिवशी संचालकांसमोर
ते एवढंच बोलले,
"हिची जीभ माझ्यापेक्षा चांगली."
सगळे खो खो हसले,
बराका तर टेबल बडवून.
साहेब हसले नाहीत. मीही नाही.
खुर्ची मला मिळाली.

आता मागे वही घेऊन न्गाला उभा असतो,
चोवीस वर्षांचा, नखं चावणारा.
परवा मला सर्दी. नाक बंद, जीभ लाकडाची.
सांगायचं राहून गेलं.
भुरका ओढला, थुंकले,
आणि पहिल्या कपापाशीच थांबले.

मागे चमचा एकदा वाजला.

दोनदा वाजायला हवा होता का?
तिथं उभी राहून मला
काही केल्या सांगता येईना.