गाठ

चोपड्याच्या माती तपासणी केंद्रात
माझं टेबल खिडकीपाशी.
बाहेर केळीच्या ट्रकांचा धुरळा,
आत चंबूंची रांग,
आणि कोपऱ्यातल्या प्रत्येक पिशवीच्या तोंडाला
कुणी ना कुणी मारलेली गाठ.

गाठीवरून मला माणूस कळतो.
अडावदचा सुपडू वारके
सुतळीचे तीन फेरे देऊन वर निरगाठ मारतो;
ती दातांनीच सोडावी लागते.
चिठ्ठीवर: गट नंबर दोनशे बारा. केळी.
खालची पानं पिवळी.

खालचीच का, ते ठाऊक होतं.
नत्र कमी पडलं की झाड
मागत बसत नाही.
जुन्या पानातलं हिरवं मोडतं
आणि वर धाडतं
अजून न उलगडलेल्या पोंग्याला.
आमच्या कागदावर याला
कमतरतेचं लक्षण म्हणतात.

माती जांभळ्या द्रावणात उकळली.
वाफ निवून थेंब थेंब उतरली,
खालचा चंबू हिरवा झाला.
मग आम्ल सोडत गेले,
एक थेंब, एक थेंब,
आणि ज्या थेंबाला हिरव्याचं गुलाबी झालं
तिथं हात थांबवला.
एकशे अडुसष्ट. हेक्टरी किलो.
रकान्यात लिहिलं: कमी.

सुपडूनं कागद उलटा धरून पाहिला,
मग सुलटा.
"हवेत शंभरात अठ्ठ्याहत्तर तेच असतं म्हंता न, ताई?
मंग माह्या केयीले काहून नही भेटत?
त्याच हवेत उभी हाये ना ती."

पुस्तकात याचं उत्तर दोन ओळींचं आहे.
मी त्याचीच सुतळी उचलली,
दोन टोकं तीनदा एकमेकांत अडकवली, ओढली.
हवेतलं नत्र असं असतं, भाऊ,
दोघं एकमेकांना धरून.
पान शिवतं, वारा हलवतो,
सुटत नाही.
मुळाला सुटं लागतं, पाण्यात विरघळलेलं,
आणि तेही आपसूक आत येत नाही.
मूळ आधी पदरची साखर जाळतं,
मग दार उघडतं.

"आन युरिया?"
तिथं गाठ कारखान्यात सोडतात.
मुळानं घेतलं ते घेतलं,
उरलं ते पाण्यासोबत खाली, तुमच्याच विहिरीत.
"मंग घरच्या घरी कोन सोडतं?"
हरभरा, मी म्हटलं.
म्हणजे हरभरा नव्हे, त्याच्या मुळात राहणारं कुणीतरी.
"म्हंजे बेवड बदलाचा," तो म्हणाला,
"हे तं आमचा आजाबी सांगे.
दोघं धरून बसलेत, हे नव्हतं सांगत."
सुतळी मागून घेतली, खिशात ठेवली.

दिवाळीनंतर दोनशे बारातले केळीचे खुंट निघाले.
द्वारकाबाईनं परातीत बी ओतलं,
गुळाचं पाणी शिंपडलं,
पाकिटातली काळी भुकटी हलक्या हातानं चोळली,
सावलीत वाळवलं.
एवढं सुपडूनं सांगितलं.

पुढचं कुणी पाहिलेलं नाही.
मुळानं अंधारात काहीतरी सोडलं,
हाक म्हणावी असं,
आणि ओळखीचा तेवढाच वळला.
बोट दुमडावं तसा मुळाचा केस
त्याच्याभोवती दुमडला, आत घेतला.
पाहुणा गुळावर आलेला,
साखरेवर राहिला,
भाडं म्हणून रात्रंदिवस
हवेच्या गाठी सोडत बसला.

पौषात सुपडू आला तो पिशवीशिवाय.
ओल्या फडक्यातून मुळासकट झाड काढून
टेबलावर ठेवलं.
बोटांना आंब लागली.
मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या, दहा.
"हिले बी दात लावता का?"

ब्लेडनं एक कापली.
आत गुलाबी.
चंबूत शेवटच्या थेंबाला येतं तेच,
कुणी थेंब न टाकता.
रक्तातल्या लालीचं भाऊबंद आहे हे, मी म्हटलं.
सुपडू वाकला, पाहत राहिला,
मग विळ्यानं कापलेल्या स्वतःच्या करंगळीकडे पाहिलं
आणि काही बोलला नाही.

नोंदवहीत याला रकाना नाही.
संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी पाहिलं,
कापलेली गाठ टेबलावर तपकिरी पडली होती.
उरलेल्या नऊ मुळासकट फडक्यात गुंडाळल्या
आणि वरून, एका ओढीत सुटेल अशी,
सुरगाठ मारली.