पहाटेचा आकडा

सव्वीस वर्षं मी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं:
वनस्पती प्राणवायू सोडतात.
खडू दाबून पूर्णविराम.
कुडतरीच्या पोरांनी ते वहीत उतरवलं,
परीक्षेत दोन गुणांना लिहिलं
आणि विसरून गेली.

आर्मिंदा विसरली नव्हती.
सहावीत माझ्या वर्गात होती, आता तळ्याची पावणी घेते,
म्हणजे वर्षभर त्यातले मासे तिचे
आणि मासे मेले तर तोटाही तिचाच.
मे महिन्यात तीन दिवस आभाळ भरून राहिलं, वारा पडलेला.
चौथ्या दिवशी ती माझ्या बलकांवात, हातात बालदी.
रोहू, कटला, तोंडं उघडी, पोटं वर.
एक मरळ तेवढी वळवळत होती.
मरळ वर येऊन हवा गिळते, तिचं भागतं.

"टीचर, तळें पुराय पाचवें आसा.
तुमीच शिकयिल्लें.
मागीर हें नुस्तें गुदमरून कशें मेलें?"

उत्तर मला माहीत होतं.
लाज त्याचीच वाटली.

दुसऱ्या दिवशी साडेचारला आम्ही होडीत.
वेन्झी वल्हं मारतोय, मांडीवर माझ्या
शाळेतून मागून आणलेल्या काचेच्या बुचाच्या बाटल्या.
जलपर्णीतून होडी चालत नाही, ती ढकलावी लागते,
फेस्ताच्या गर्दीतून म्हातारीला पुढे काढावं तशी.
वर जांभळी फुलं.
रविवारी लांबून माणसं येतात, त्यांच्यापुढे फोटो काढतात.
मी कोपरापर्यंत हात घातला.
मुळांच्या काळ्या दाढ्या, आणि त्यांच्याखाली
एक अंधार, जो रात्रीचा नव्हता,
भर दुपारीही तो तिथेच असतो.

बाटली भरताना बुडबुडा आत जाऊ द्यायचा नाही.
मी स्वतःचाही श्वास धरून ठेवते. उगीचच.
मग दोन औषधं, थेंब थेंब, बूच, उलटसुलट.
पाण्यात श्वास असेल तर साका तपकिरी होतो.
वेन्झीनं टॉर्च धरला.
पांढरा.
आम्ही अजून थोडं थांबलो.
पांढराच.

मानशीजवळ, जिथे पर्णी पोचली नव्हती,
तिथली बाटली जराशी रंगली,
पेल्याच्या बुडाला चहा उरतो तेवढी.
तिथे पाण्याखाली ते दुसरं गवत आहे,
वेणीसारखं लांब, फूल दिसेल न दिसेल असं,
ज्याचा फोटो कोणी काढत नाही.
दिवसभर तेच पाण्याला पोसतं.
पण रात्री तेही माशांच्या रांगेत येऊन उभं राहतं
आणि त्याच पाण्याकडे हात पसरतं.

वाक्य खोटं नव्हतं.
उजेडातलं तेवढं मी लिहिलं होतं.
अंधारातलं लिहायच्या आधी
दर वर्षी तास संपायचा.

इगर्जीची घंटा झाली. ऊन यायला नऊ वाजले.
मग त्या वेण्यांवर मोहरीएवढे बुडबुडे धरले,
एकेक सुटून वर निघाला.
आर्मिंदा बांधावर गुडघे टेकून बघत राहिली,
डोक्याला रुमाल, पायात एकच चप्पल.
"सगळेंच काडून उडोवंया?"
सगळं नको, म्हटलं. वरचं काढ, खालचं राहू दे.
"वयलें कितलें?"
ते मला सांगता येईना.
पुस्तकात तळं असतं, हे तळं नसतं.
एवढंच म्हटलं, उपटलेलं पाण्यात कुजू देऊ नकोस,
कुजणंसुद्धा श्वास घेतं.

बांधावर आता ढीग आहे, त्याला वास मारतो,
पंचायतीचा ट्रक उद्या येणार म्हणतात, गेल्या मंगळवारपासून.
वेन्झी ढिगातल्या गोगलगायी वेचून
पुन्हा पाण्यात टाकतो, का ते विचारलं तर हसतो.

आणि साडेचारला माझं फाटक वाजतं.
ती आकडा विचारत नाही.
बाटली माझ्या हातातून घेते, हलवते,
टॉर्चसमोर धरते
आणि रंग येतो का पाहते.