सुलगुनी, एक किलो, कुताईसी

रात्रीचे साडेअकरा. तिबिलिसी, ग्लदानी, आठवा मजला.
आमची लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय हलत नाही,
पण सरकारचं दार फुकट उघडतं.
कडी नाही, बेल नाही,
नुसता एक लांबलचक पत्ता
आणि चाळीस अक्षरांची किल्ली.
सांख्यिकी कार्यालयानं ती पाठवताना ताकीद दिली होती:
कुणाला देऊ नका.
कोण मागतंय?

इथे प्रश्न नीट विचारावा लागतो.
कुठला तक्ता, कुठलं शहर, कधीपासून कधीपर्यंत.
एक स्वल्पविराम चुकला
की उत्तर येतं, चारशे: कळलं नाही.
फार भराभर विचारलं
की चारशे एकोणतीस: दमानं घ्या.
माझी आत्या अशीच होती.
मी दमानं घेते. चहा टाकते.

मग महिरपी कंसांतून देश उतरू लागतो,
पाव, पेट्रोल, भाडं, अंत्यसंस्काराचा खर्च,
सगळं एका रांगेत, कुणी कुणाला ढकलत नाही.
आधारवर्ष बरोबर शंभर.
(त्या वर्षी आम्हीही शंभर होतो का? आठवत नाही.)

एका ओळीशी बोट थांबलं.
सुलगुनी, एक किलो, कुताईसी, फेब्रुवारी.
आकडा आहे, आणि त्याला चिकटून
एक बारीकशी ई.
ई म्हणजे अंदाजित.

बँकेत रेवाझ म्हणाले, काढून टाक ती,
आलेखावर केस पडल्यासारखी दिसते.

मी कार्यालयात फोन लावला.
बोंदो नावाचा कुणीतरी, तोंडात घास,
म्हणाला, हां, कुताईसी. त्सियालाचा पाय मोडला ना.
कोण त्सियाला?
भाव गोळा करते. एकोणीस वर्षं.
बाजाराच्या मागच्या पायऱ्यांवर बर्फ होता.
मग?
मग काय, झेस्ताफोनीचा भाव घेतला, थोडा वाढवला.
गणित आहे त्याचं, बाई, मनाचं नाही.
बरं, म्हटलं मी. आणि पाय?
त्यावर तो जरा वेळ काही बोलला नाही.
हा रकाना त्याच्याकडे नसावा.

त्या रात्री मी चौकटीत न मावणारं बरंच काही पाहिलं.
वहीला बांधलेलं पेन्सिलीचं तुटकं टोक.
चीजवाली बाई, जी तिला खरा भाव सांगते
आणि गिऱ्हाईकाला दुसरा.
तोंडात टाकलेला खारट तुकडा, ज्याची नोंद नाही.
चौदा लारी वीस, चौदा लारी वीस, असं पुटपुटत
खाली उतरणारी एक बाई,
आणि तिच्या पायाखालून
निघून गेलेली एक पायरी.

हे सगळं मला दिसलं म्हणजे मी रचलं.
तीही ई-च.

मार्च: ई. एप्रिल: ई.
आलेखातून ती मी काढली,
नोकरी आहे शेवटी.
पण प्रोग्रॅममध्ये, जिथे यंत्र वाचत नाही,
एक ओळ टाकली:
इथे त्सियालाचा पाय आहे. हात लावू नये.

जूनच्या सुरुवातीला मे महिना आला.
मी सकाळी सहालाच विचारलं, दात न घासता.
दोनशे. ठीक.
सुलगुनी, एक किलो, कुताईसी:
अंदाजापेक्षा नव्वद तेत्रीनं महाग,
आणि शेजारी काही नाही.
कोरं.

महागाई वाढली म्हणून रेवाझ दिवसभर फणफणत होते.
व्याजदर, इशारा, बैठक, पुन्हा बैठक.
मी मान हलवत होते
आणि मनात मोजत होते,
मागच्या बाजूनं किती पायऱ्या असतील.
का पुढच्या दारानं जाते आता?
ते तक्त्यात येत नाही.

ती ओळ अजून तिथेच आहे.
पुसायला हवी.